मंगळवारी नवा माल

पहाटे 5.30
टोकियोत ऑगस्टअखेर या वेळी लख्ख उजाडलेलं असतं आणि घामही सुरू झालेला असतो. परदेशी विद्यार्थ्यांना एरवी आठवड्याला 28 तासच काम करता येतं. विद्यापीठाच्या लांब सुटीत ही मर्यादा दिवसाला आठ तासांवर जाते, म्हणून सध्या मी एदोगावा भागातल्या एका लॉसनमध्ये पूर्ण पाळी करते. लॉसन म्हणजे कोन्बिनी, चोवीस तास उघडं असणारं छोटं दुकान. आज मंगळवार आहे, त्यामुळे सायकल जरा जोरात हाणते.

6.00
कोन्बिनीत नवा माल मंगळवारी येतो. रात्रपाळीचा नेपाळी मुलगा दारातच सांगतो, "दिदी, आज क्रेट जास्त आहेत." गेल्या आठवड्यातल्या ज्या चवी चालल्या नाहीत, त्यांच्या जागा त्याने रिकाम्या करून ठेवल्या आहेत. दुकानात तीन हजारांच्या आसपास वस्तू असतात आणि जागा मात्र तेवढीच, त्यामुळे नवं काही यायचं तर जुनं काहीतरी जायलाच हवं.

आज रताळं आणि चेस्टनट आलंय. रताळ्याचा केक, रताळ्याची लाट्टे, चेस्टनटचं क्रीम भरलेला पाव. बियरच्या फळीवर मेपलची पानं छापलेले किरिनच्या 'आकिआजी'चे कॅन, 1991 पासून दर वर्षी याच सुमारास येणारे. बाहेर पारा 35 अंशांकडे निघालाय आणि आतल्या फळीवर शरद ऋतू लागलाय. पहिल्या वर्षी मला हे विचित्र वाटायचं, आता पटतं. उकाड्याने पिचलेल्या माणसाला पुढच्या ऋतूची चव दोनशे येनात मिळते, हे चांगलंच आहे.

7.00
दाराशी सहा-सात मुली उभ्या. आजपासून एका अॅनिमेची क्लिअर फाइल, म्हणजे कागद ठेवायची प्लास्टिकची फाइल, मिळणार आहे. ठरलेल्या चॉकलेटांपैकी तीन घेतली की एक फाइल, संपेपर्यंत. चार फायलींवर चार वेगळी पात्रं असल्यामुळे पहिल्याच मुलीने बारा चॉकलेटं घेतली. "ऑफिसात वाटणार," ती आपणहून म्हणाली. मला बरं वाटलं.

कारण हे नेहमी असं होत नाही. 1971 मध्ये काल्बी कंपनीने टीव्हीवरच्या कामेन रायडरच्या कार्डांसोबत खाऊ विकायला काढला. मुलं कार्ड ठेवायची आणि खाऊ टाकून द्यायची. शाळांपासून वर्तमानपत्रांपर्यंत त्याची चर्चा झाली. पुढे बिक्कुरिमान चॉकलेटच्या स्टिकरांचं तेच झालं. ऑगस्ट 2025 मध्ये पोकेमॉन कार्डांसाठी लोकांनी मॅकडोनाल्ड्सची मुलांची जेवणं ढिगाने घेतली आणि अन्न तसंच टाकलं. कंपनीला माफी मागावी लागली. आवडत्या पात्रापायी माणूस खाऊ घेतो यात मला काही वावगं दिसत नाही. पण खाऊ नुसता पावतीपुरता उरला, की ज्याने तो पहाटे क्रेटमधून उतरवला त्याच्या पोटात तुटतं.

8.00
गर्दी. रांग हलती ठेवायची, बाकी काही नाही. सगळ्यात आधी संपतो तो टूना-मेयोचा ओनिगिरी. भाताच्या गोळ्यात मेयोनीज घालण्याची कल्पना 1983 मध्ये सेव्हन-इलेव्हनने बाजारात आणली, तेव्हा ती आजच्या कुठल्याही विक्षिप्त चवीइतकीच विक्षिप्त होती. आता ती पेन्शनरांपासून शाळकरी पोरांपर्यंत सगळ्यांची न्याहारी आहे. म्हणून 'जपानी लोक काहीही खातात' असं कुणी हसत म्हणालं, की मला राग येतो. दर मंगळवारच्या या चवी म्हणजे उमेदवार असतात. बहुतेक पडतात, एखादी निवडून येते आणि चाळीस वर्षं राहते.

10.30
थंड पेयांच्या कपाटांमागची खोली. बाटल्या आम्ही मागून भरतो आणि काचेपलीकडून गिऱ्हाइकांचे फक्त हात दिसतात. उन्हाळ्यात हे काम सगळ्यांनाच हवं असतं.

तेन्चो, म्हणजे आमचे दुकानप्रमुख, इथे आले की जुन्या पेयांबद्दल बोलतात. 2007 ची काकडीच्या चवीची हिरवी पेप्सी त्यांना अजून आठवते, 2009 ची अझुकी पेप्सीही. अझुकी म्हणजे लाल चवळीसारखं कडधान्य, इथल्या मिठायांचं पुरण त्याचंच. मग सगळं पारदर्शक करायची लाट आली. 2017 मध्ये सन्टोरीने पाण्यासारखा दिसणारा दुधाचा चहा काढला आणि 2018 मध्ये रंगहीन कोका-कोला आला. मीटिंगमध्ये टेबलावर गोड पेय ठेवायला संकोच वाटणाऱ्यांना ते सोयीचं होतं, असं तेन्चो सांगतात. मला ते पटतं, इथली ऑफिसं मी पाहिली आहेत.

आणि असाहीचा तो कॅन! अख्खं झाकण निघतं आणि फेस मगातल्यासारखा आपोआप वर येतो. एप्रिल 2021 मध्ये तो कोन्बिनीत आला आणि दोनच दिवसांत कंपनीला पुरवठा थांबवावा लागला, इतकी मागणी. त्यात चव नवी नव्हतीच. घरी एकट्याने पिणाऱ्याला बारमधला फेस मिळाला, आणि तेही नेमकं साथीच्या काळात, बार लवकर बंद होत असताना.

12.00
"गरम करून देऊ?" हा प्रश्न तासाभरात किती वेळा विचारते, मोजत नाही. एका हाताने बेन्तो, म्हणजे डब्यातलं तयार जेवण, मायक्रोवेव्हमध्ये, दुसऱ्या हाताने कारागे-कुनची पाकिटं. कोंबडीचे पाच तळलेले तुकडे, 1986 पासूनचे. साधी, तिखट आणि चीज या तीन चवी कायमच्या, आणि शेजारी नेहमी एखादी पाहुणी चव.

बर्फाच्या कांडीत गारिगारी-कुनचं राज्य. 2012 मध्ये आकागी कंपनीने या कांडीत चक्क मक्याचं सूप आणलं. एवढं खपलं, की विक्री थांबवावी लागली. हुरूप येऊन 2014 मध्ये नापोलितान, म्हणजे टोमॅटो केचपच्या स्पॅगेटीची चव काढली. ती आपटली, तोटा सुमारे 30 कोटी येन. त्याच कंपनीने 2016 मध्ये पंचवीस वर्षांनी किंमत 60 वरून 70 येन केली, तेव्हा जाहिरातीत अधिकारी आणि कामगार रांगेने वाकून माफी मागत होते. दहा येनांसाठी! अशी कंपनी पडली तरी लोक तिला सोडत नाहीत.

1.15
अर्ध्या तासाची विश्रांती. निशी-कासाईतल्या मैत्रिणीचा फोटो आलाय, रताळ्याच्या चिप्सच्या पाकिटाची मागची बाजू. "अगं, हे चालेल का?" निशी-कासाईत भारतीय कुटुंबं भरपूर आहेत, आपले पुण्या-मुंबईचे आयटीवालेही पुष्कळ, आणि शाकाहारी घरात नवी चव आली की आधी लेबलाचं वाचन होतं. रताळं, तेल, साखर, मीठ, आणि पुढे डुकराच्या मांसाचा अर्क. "नको," मी कळवते. नव्या चवींच्या या खेळात शाकाहारी माणूस बराचसा काठावरच उभा राहतो. पाकिटाच्या पुढच्या बाजूला एक छोटं चिन्ह छापलं तर किती जण आत येतील!

2.00
मुदत जवळ आलेले बेन्तो काढायचे. मुदत संपलेली वस्तू यंत्र स्कॅनच करत नाही. फळीवर 'पुढची वस्तू आधी घ्या' अशी पाटी असते, तरी लोकांचा हात मागच्या बेन्तोकडे जातो. भात फेकताना मला अजून त्रास होतो आणि तो होत राहावा असंच मला वाटतं.

मग तेन्चो टॅब्लेट घेऊन पुढच्या आठवड्याची मागणी टाकायला बसतात. हवामान, जवळच्या शाळा कधी उघडणार, गेल्या वर्षीचा खप, सगळं त्यांच्यासमोर असतं. गोड पदार्थांचा अंदाज अवघड. 2019 मध्ये लॉसनचा बास्क चीजकेक तीन दिवसांत दहा लाख खपला होता, तेव्हा फळी सारखी रिकामी पडायची, असं ते सांगतात.

"रताळ्याचा केक किती मागवू?" ते विचारतात. सकाळपासून आठ गेलेत, त्यातले पाच शाळकरी मुलींनी नेलेत.

"बारा," मी सांगते, "आणि चेस्टनटचे चारच."

ते चेस्टनटचे सहा टाकतात. त्यांना स्वतःला चेस्टनट आवडतं.