दोनशे सेंटिमीटर, पण कोणाचे?

माणसाचे लहान आतडे सरासरी सहा मीटर लांब असते, असे आपण शाळेत शिकलो. प्रत्यक्षात कोणाचे चार मीटरवर संपते, तर कोणाचे आठ मीटरच्या पुढे जाते. त्यातल्या घड्या आणि अंकुर उलगडले तर टेनिस कोर्ट भरेल, असे पुस्तके कित्येक वर्षे सांगत होती. 2014 मध्ये स्वीडनच्या दोन संशोधकांनी नव्याने मोजले, तेव्हा सगळी पचननलिका मिळून जेमतेम 32 चौरस मीटर भरली. बॅडमिंटन कोर्टाच्या निम्म्याहूनही कमी! लठ्ठपणावरच्या बायपासमध्ये याच जागेचा काही भाग अन्नाच्या वाटेतून वगळतात.

किती वगळायचा, यावरच सगळे अवलंबून. पन्नास-साठच्या दशकांत अमेरिकेत सुरुवात झाली ती फार कठोर होती: वाटेत 35 सेंमी वरचे आणि 10 सेंमी शेवटचे आतडे ठेवायचे, बाकी सगळे बाजूला. वजन उतरले, पण यकृत निकामी होऊ लागले, मूतखडे झाले, आणि ती पद्धत सोडावी लागली. 1966 मध्ये आयोवात एडवर्ड मेसन यांनी जठराचाच बायपास केला. आजच्या रू-एन-वाय पद्धतीत लिटरभर मावणाऱ्या जठराची 15 ते 30 मिलिलिटरची पिशवी उरते आणि आतड्याला दोन ठिकाणी जोड द्यावे लागतात. रॉबर्ट रटलेज यांनी 1997 मध्ये सुरू केलेल्या मिनी बायपासमध्ये पिशवी लांबट असते आणि जोड एकच.

या दोन पद्धतींची समोरासमोर तुलना फ्रान्समध्ये 253 रुग्णांवर झाली. रू-एन-वायमध्ये अन्न 50 सेंमी आतडे चुकवत होते, मिनीमध्ये 200, म्हणजे चौपट. दोन वर्षांनी जादा बीएमआयमधली घट किती? एकीकडे 85.8 टक्के, दुसरीकडे 87.9. चौपट आतडे वगळून दोन टक्क्यांचा फरक! गंभीर त्रास मात्र 24 विरुद्ध 42, आणि त्या 42 पैकी नऊ कुपोषणाचे. रू-एन-वायमध्ये कुपोषणाचा एकही नाही.

शिवाय दुर्बिणीतून आतडे मोजायचे ते पाच-दहा सेंटिमीटरची खूण असलेल्या चिमट्यांनी, एकेक पकड पुढे सरकवत. आतडे ओढले की लांबते, सोडले की आखडते. आता चार मीटरवाल्याचे दोनशे सेंमी वगळले तर निम्मे आतडे गेले, आठ मीटरवाल्याचे चौथाई. कागदावर शस्त्रक्रिया एकच, शरीरात दोन वेगळ्या. एकूण लांबी न मोजता ठरावीक 200 वगळणे मला धोक्याचे वाटते.

भारतीयांना, म्हणून कोकणातही, हा धोका जास्तच. पुण्याचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे जॉन युडकिन यांचा बीएमआय सारखाच, 22.3. पण 2004 मध्ये 'लॅन्सेट'मध्ये छापून आलेली त्यांची चरबी 21.2 आणि 9.1 टक्के! बाहेरून सडपातळ, आतून चरबीचे असे आपले शरीर, म्हणून मधुमेह कमी वजनातच गाठतो. 2022 च्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शनाने आशियाई लोकांसाठी शस्त्रक्रियेची बीएमआय-रेषा 27.5 वर धरली. म्हणजे रत्नागिरीतलेही कितीतरी जण आता शस्त्रक्रियेच्या विचारात येतील. आणि याच महाराष्ट्रात, राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत 54.2 टक्के स्त्रिया रक्तक्षयी निघाल्या. लोह मुख्यतः आतड्याच्या पहिल्याच भागात शोषले जाते, आणि बायपासमध्ये वगळला जातो तो नेमका तोच भाग.

बायपासनंतर कमी पडू शकणाऱ्या बी-12 जीवनसत्त्वाचे गणित आणखी थक्क करते. रोजची गरज साधारण अडीच मायक्रोग्रॅम. म्हणजे एक ग्रॅम एका माणसाला हजार वर्षे पुरेल. यकृतात त्याचा काही वर्षांचा साठा असतो, त्यामुळे कमतरता उशिरा कळते, कधीकधी हातापायांना मुंग्या येऊ लागल्यावरच.

म्हणून गोळ्या आणि रक्ततपासणी जन्मभर. त्यासाठी दर वेळी साडेतीनशे किलोमीटरवरची मुंबई गाठायची गरज नाही. रक्त रत्नागिरीतही तपासता येते. पण इथल्या डॉक्टरला नेमके काय झाले ते कळले पाहिजे. डिस्चार्ज कार्डावर नुसते 'बायपास' लिहून भागत नाही. एकूण आतडे किती भरले, किती वगळले, किती उरले, हे तीन आकडे रुग्णाने घरी निघण्याआधी मागून घ्यावेत.