नकळत शिकायलाही लक्ष लागतं का?

पडद्यावर चार जागा, खाली चार बटणं. खूण जिथे उमटेल तिथलं बटण झटकन दाबायचं. मेरी जो निसेन आणि पीटर बुलेमर यांचा १९८७ सालचा हा प्रयोग मला फार आवडतो! खुणा १० जागांच्या ठरावीक क्रमाने पुन्हा पुन्हा येत होत्या, पण हे कुणाला सांगितलं नव्हतं. तरी लोकांचा वेग वाढत गेला. कोर्साकॉफ विकाराने स्मरणशक्ती गमावलेल्या रुग्णांचाही! त्यांना तर क्रम आहे याची जाणीवही नव्हती.

त्याच अभ्यासात इतर काहींना बटणं दाबता दाबता कानावर पडणारे सूर मोजायला लावले. लक्ष विभागलं आणि क्रम शिकल्याची खूणच दिसेना.

खरी गंमत पुढे आहे. १९९० मध्ये कोहेन, आयव्री आणि कील यांनी दाखवलं, की ‘याच्यानंतर हमखास तेच’ असे पक्के दुवे क्रमात असतील, तर विभागलेल्या लक्षातही तो शिकला जातो. पण एकाच जागेनंतर कधी ही, कधी ती जागा येत असेल, तर तिच्या आधी काय आलं हेही धरून ठेवावं लागतं. तिथे लक्षाशिवाय भागत नाही.

पुढे काही संशोधकांनी वेगळाच मुद्दा मांडला: शिकणं होतंच, सूर मोजण्याच्या ओझ्याखाली ते फक्त दिसत नाही. मला हा आक्षेप फार मोलाचा वाटतो, कारण तो तपासायचा तर दुसरं काम काढून घेऊन पुन्हा वेग मोजायला हवा.