वाहनाच्या अंतर्भागाचे फायबरग्लासकाम आणि रंगकाम

वाहनाच्या अंतर्भागाचे फायबरग्लासकाम म्हणजे मोटार, जीप, बस किंवा मालमोटारीतील डॅशबोर्ड, दारांची आतील आच्छादने, छताचे अस्तर, स्पीकरचे कप्पे इत्यादी भाग काचतंतू व रेझिन यांच्यापासून नव्याने घडवणे आणि त्यांवर रंगाचे लेप देणे होय. कारागिरांच्या बोलीत यास ‘फायबरचे काम’ म्हणतात.

कारखान्यात वाहनाचे आतील प्लास्टिकचे भाग पोलादी साच्यात उच्च दाबाने घडवले जातात. असे साचे अत्यंत महाग असल्याने हजारो नग काढायचे असतील तरच ते परवडतात. फायबरग्लास मात्र सामान्य तापमानाला, दाबाशिवाय घट्ट होते. त्यामुळे लहान कार्यशाळेतही एखाद्या वाहनापुरता एकच नग तयार करता येतो. ही या पद्धतीची मुख्य सोय आहे.

इतिहास

काचेचे बारीक तंतू औद्योगिक प्रमाणावर काढण्याची पद्धत १९३० च्या दशकात अमेरिकेत विकसित झाली. पुढे पॉलिएस्टर रेझिनची जोड मिळाल्यावर नौका, विमानांचे भाग व मोटारींचे सांगाडे यांसाठी हा मिश्र पदार्थ वापरात आला. १९५३ साली बाजारात आलेल्या शेव्हरोले कॉर्व्हेट या मोटारीचे संपूर्ण बाह्यांग फायबरग्लासचे होते. भारतात बंगळूरच्या सिपानी कंपनीने १९८० च्या दशकात ‘डॉल्फिन’ ही फायबरग्लासच्या बाह्यांगाची छोटी मोटार विकली.

महाराष्ट्रात वाहनांच्या पुनर्रचनेला व्यावसायिक प्रसिद्धी मिळाली ती प्रामुख्याने दिलीप छाब्रिया यांनी १९९३ मध्ये मुंबईत सुरू केलेल्या ‘डीसी डिझाइन’ या संस्थेमुळे. बहुआसनी मोटारींचे ऐसपैस बैठकीच्या वाहनांत केलेले रूपांतर ही या संस्थेची ओळख ठरली.

साहित्य

या कामात मुख्यतः पुढील साहित्य लागते :

• काचतंतूंची चटई (मॅट) : तुटक तंतूंची ही चटई वजनावरून ओळखली जाते. प्रति चौरस मीटर ३०० व ४५० ग्रॅम वजनाच्या चटया विशेष प्रचलित आहेत.
• रेझिन : स्वस्त असल्याने बहुधा पॉलिएस्टर रेझिन वापरतात. एपॉक्सी रेझिन महाग असले तरी घट्ट होताना कमी आकसते व अधिक चिकटते.
• हार्डनर व कोबाल्ट : कोबाल्ट रेझिनमध्ये आधी मिसळून घेतात. हार्डनर वजनाच्या साधारण १ ते २ टक्के प्रमाणात शेवटी घालतात. हे दोन पदार्थ थेट एकत्र आल्यास तीव्र अभिक्रिया होऊन आग लागू शकते किंवा स्फोट होऊ शकतो.
• लांबी (पुट्टी), पॉलिश पेपर, प्रायमर व रंग.

कृती

प्रथम बॅटरीची जोडणी काढून मूळ भाग उतरवतात. नवा आकार दोन प्रकारे घडवला जातो. पहिल्या प्रकारात लाकूड किंवा फोमचा नमुना करून त्यावरून साचा काढतात. साच्याला मेण चोळून आत रेझिन व चटईचे थर देतात. दुसऱ्या प्रकारात प्लायवूडची चौकट उभारून तिच्यावर ताणून बसवलेले कापड रेझिनने भिजवतात. कापड घट्ट झाले की मागील बाजूने चटईचे थर देऊन त्यास बळकटी आणतात. स्पीकरच्या कप्प्यांसाठी ही पद्धत विशेष रूढ आहे.

नमुन्यासाठी थर्मोकोल थेट वापरता येत नाही, कारण पॉलिएस्टर रेझिनमधील स्टायरीनमुळे ते विरघळते. त्याऐवजी पॉलियुरेथेन फोम घेतात.

चटईच्या वजनाच्या साधारण दुप्पट ते अडीचपट रेझिन लागते. जास्त रेझिनमुळे भाग बळकट न होता उलट ठिसूळ होतो, कारण ताण सहन करण्याचे काम तंतू करतात. थरांत अडकलेली हवा रोलर फिरवून काढली जाते. हवेचे बुडबुडे राहिल्यास पुढे त्या जागी रंग फुगतो किंवा तडा जातो.

उष्णतेचा परिणाम

घट्ट झालेले रेझिनही ठरावीक तापमानापलीकडे नरम पडते. सर्वसाधारण पॉलिएस्टर रेझिनसाठी ही मर्यादा ६० ते ७० अंश सेल्सिअसच्या आसपास असते. बंद वाहन उन्हात उभे राहिल्यास डॅशबोर्डचा पृष्ठभाग याहूनही अधिक तापू शकतो.

नेवासा तालुक्यातील घोडेगावचे उदाहरण या दृष्टीने बोलके आहे. अहिल्यानगर–छत्रपती संभाजीनगर मार्गावरील या गावी जनावरांचा व कांद्याचा बाजार भरतो आणि शनिशिंगणापूरला जाणारी भाविकांची वाहनेही येथूनच वळतात. जिल्ह्यात उन्हाळ्यात तापमान ४० अंशांपलीकडे जाते. अशा हवामानात उघड्यावर तासन्‌तास उभ्या राहणाऱ्या वाहनात हलक्या रेझिनचा डॅशबोर्ड काही काळाने वाकतो आणि गुळगुळीत रंगावर आतील चटईची वीण उमटते. म्हणून काचेलगतच्या भागांसाठी अधिक उष्णतारोधक आयसोफ्थॅलिक किंवा व्हिनाइल एस्टर रेझिन वापरणे योग्य ठरते.

रंगकाम

पृष्ठभागाचे उंचसखल भाग लांबीने भरून आधी जाड व मग क्रमाने बारीक पॉलिश पेपरने घासतात. त्यावर प्रायमर, रंग आणि शेवटी पारदर्शक लेप देतात. प्रत्येक थरातील द्रावक उडून जाण्यास पुरेसा वेळ द्यावा लागतो. मूळ प्लास्टिकचे भाग पॉलिप्रोपिलीनचे असल्यास त्यांवर रंग सहज धरत नाही. त्यांना आधी चिकटपणा वाढवणारा विशेष लेप द्यावा लागतो.

डॅशबोर्डच्या वरच्या भागास चकाकी नसलेला गडद रंग देतात. चकचकीत किंवा फिकट रंगाचे प्रतिबिंब पुढील काचेत पडून चालकास रस्ता नीट दिसत नाही.

सुरक्षितता

कारागिराची सुरक्षितता : स्टायरीनची वाफ, घासताना उडणारी काचतंतूंची धूळ आणि दोन घटकी रंगांतील आयसोसायनेट ही श्वसनमार्गास घातक आहेत. आयसोसायनेटमुळे कायमचा दमा जडू शकतो. साध्या कापडी रुमालाने यांपासून संरक्षण होत नाही. रंगफवारणीसाठी हवा पुरवणारा किंवा योग्य गाळणीचा मुखवटा, हातमोजे, चष्मा आणि खेळती हवा आवश्यक असते.

प्रवाशांची सुरक्षितता : भारतात नव्या मोटारींत चालकासाठी एअरबॅग जुलै २०१९ पासून, तर शेजारच्या प्रवाशासाठी २०२१ पासून सक्तीची आहे. धडकेनंतर ती सुमारे ३० ते ५० मिलिसेकंदांत फुगते. त्यासाठी तिच्यावरील आच्छादन ठरलेल्या रेषेवर फाटावे लागते. या जागी फायबरग्लासचा थर दिल्यास एअरबॅग अडते किंवा त्या थराचे तुकडे वेगाने प्रवाशाकडे फेकले जातात. पडद्यासारख्या एअरबॅगा असलेल्या वाहनांत पुढील काचेलगतच्या खांबांनाही हेच लागू पडते. फायबरग्लास मूळ प्लास्टिकप्रमाणे वाकत नाही. तुटल्यास त्याच्या कडा धारदार असतात.

दुसरा प्रश्न आगीचा आहे. काचतंतू जळत नाहीत, परंतु सामान्य पॉलिएस्टर रेझिन जळते व दाट काळा धूर सोडते. अमेरिकेच्या संघीय मानक क्रमांक ३०२ नुसार अंतर्भागाचे साहित्य मिनिटाला १०२ मिलिमीटरहून अधिक वेगाने जळता कामा नये. भारतात यासाठी आयएस १५०६१ हे मानक आहे. ८ ऑक्टोबर २०२२ रोजी नाशिक येथे आणि १ जुलै २०२३ रोजी समृद्धी महामार्गावर सिंदखेडराजाजवळ अपघातानंतर बसना लागलेल्या आगींत अनुक्रमे १२ व २५ जणांचा मृत्यू झाला. प्रवाशांना बाहेर पडण्यास किती अल्प वेळ मिळतो, हे या घटनांतून दिसून आले. म्हणूनच ज्वलनरोधक रेझिनची निवड आणि संकटकालीन दरवाजे मोकळे ठेवणे यांस महत्त्व आहे.

कायदेशीर तरतुदी

मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ नुसार वाहनाच्या मूळ वैशिष्ट्यांत फरक पडेल असा रचनेतील बदल प्रतिबंधित आहे. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मधील निकालात ही बाब स्पष्ट केली. २०१९ च्या दुरुस्तीने आलेल्या कलम १८२-ए नुसार अशा प्रत्येक अनधिकृत बदलासाठी मालकास ५,००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कारावास किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. केवळ अंतर्भागाचा रंग बदलल्याने मूळ रचना बदलत नाही. आसनसंख्या किंवा सांगाडा बदलणे मात्र वेगळे आहे.

वाहनांच्या नमुन्यांची चाचणी करणाऱ्या अधिकृत संस्थांत अहिल्यानगर येथील वाहन संशोधन व विकास आस्थापना आणि पुण्यातील एआरएआय यांचा समावेश होतो. त्यांची चाचणी उत्पादकाने सादर केलेल्या नमुन्याची असते. कार्यशाळेत नंतर बसवलेला एखाददुसरा डॅशबोर्ड त्या प्रमाणपत्राच्या कक्षेत येत नाही. त्याच्या सुरक्षिततेची जबाबदारी प्रत्यक्षात कारागीर आणि वाहनमालक यांच्यावरच राहते.