पुस्तकावर आईचे नाव का नव्हते?

१८९४ साली पाटण्याच्या एका खातूनची उर्दू कादंबरी छापून बाहेर आली. पुस्तकाचे नाव 'इस्लाहुन्निसा'. लेखिका कोण, तर बॅरिस्टर सुलेमान यांची वालिदा, सय्यद वहीदुद्दीन यांची बेटी आणि इमदाद इमाम यांची बहीण. मुलगा, वडील, भाऊ, तिघांची नावे छापली गेली. जिने पुस्तक लिहिले तिचे तेवढे राहिले. त्या बीबीचे नाव रशीदुन्निसा. उर्दूत कादंबरी लिहिणारी पहिली स्त्री म्हणून आज त्यांचे नाव घेतले जाते.

आणखी एक गोष्ट ध्यानात घ्यावी. ही कादंबरी त्यांनी १८८१ मध्येच लिहून पुरी केली होती. मग तेरा वर्षे ती कुठे होती? घरातच, कागदांच्या गठ्ठ्यात. मुलगा विलायतेहून बॅरिस्टर होऊन आला, त्याने मनावर घेतले, तेव्हा ती छापखान्यात पोहोचली. मुलाने मनावर घेतले नसते तर? असे किती गठ्ठे वाळवीने खाल्ले असतील, याचा हिशेब अल्लाहलाच ठाऊक.

तेरा वर्षे का लागावीत, हे कळण्यासाठी त्या काळी पुस्तक कसे छापले जाई ते पाहू. उर्दूची नस्तालीक लिपी शिशाच्या खिळ्यांत नीट बसत नसे. अक्षरे एकमेकांत गुंतत, खाली-वर उतरत. म्हणून दगडावरची छपाई, म्हणजे लिथो, हिंदुस्थानात आली आणि उर्दूवाल्यांनी ती उचलून धरली. कातिब खास शाईने कागदावर मजकूर लिहायचा. तो कागद गुळगुळीत दगडावर दाबून अक्षरे दगडावर उतरवायची. मग दगड ओला करून त्यावर शाईचा रूळ फिरवायचा. ओल्या जागेवर शाई चिकटत नाही, तेलकट अक्षरांवर तेवढी चिकटते. अशा प्रती भराभर निघत. खर्च कमी, अक्षर हाताच्या लिखाणासारखे सुंदर. लखनौचा मुन्शी नवल किशोर यांचा १८५८ सालचा प्रेस याच कामावर नावारूपाला आला. आपल्या मुंबईतही दगडी छापखान्यांत फार्सी किताबी आणि कुरआन शरीफच्या प्रती मोठ्या प्रमाणावर छापल्या जात.

आता या साखळीत बाई कुठे येते? कातिब पुरुष, दगड घासणारा पुरुष, हिशेब ठेवणारा मुन्शी पुरुष, पुस्तक विकणारा पुरुष. पर्द्यातल्या बाईला छापखान्याची पायरी चढणे शक्य नव्हते. घरातल्या कुणा पुरुषाच्या हातूनच तिचे कागद बाहेर जाऊ शकत होते. शिवाय पर्दा केवळ चेहऱ्याचा नव्हता, नावाचाही होता. शरीफ घरातल्या बाईचे नाव बाजारात चारचौघांच्या तोंडी येऊ नये, अशी समजूत होती.

छापणे दूरच, लिहिणे शिकणेसुद्धा सोपे नव्हते. मुलीने कुरआन वाचावा, हे घरोघरी मान्य होते. पण हाती कलम दिले तर ती कुणाला चिठ्ठी लिहील, ही भीती. बिजनौर भागातल्या अशरफुन्निसा बेगम, म्हणजे बीबी अशरफ, यांची हकीकत आमच्या वर्गातल्या मुलींना आम्ही दरवर्षी सांगतो. लिहायला शिकवणारे कुणी नाही. मग त्यांनी तव्याची काजळी खरवडून शाई केली, झाडूच्या काडीचे कलम केले आणि घरची मंडळी दुपारी झोपली की मजकूर पाहून पाहून अक्षरे गिरवली. पुढे घरातल्या बायका आपली पत्रे त्यांच्याकडून लिहून घेऊ लागल्या. बेवा झाल्यावर त्या लाहोरला मुलींच्या शाळेत शिक्षिका झाल्या. तव्याच्या काजळीने अक्षर गिरवणाऱ्या मुलीने शेवटी मुलींना शिकवण्यात उमर घालवली, हे आम्हा शिक्षकांना फार मोलाचे वाटते.

बीबी अशरफ यांची ही हकीकत आपल्यापर्यंत आली ती एका छापील हफ्तेवारी रिसाल्यामुळे. १ जुलै १८९८ रोजी लाहोरहून 'तहजीब-ए-निस्वाँ' निघाला. संपादक मुहम्मदी बेगम. उर्दू रिसाल्याचे संपादन करणाऱ्या त्या पहिल्या मुस्लिम खातून. वय अवघे वीस. त्यांचे शौहर मौलवी सय्यद मुमताज अली देवबंदमध्ये शिकलेले. लाहोरात त्यांचा स्वतःचा 'रिफाह-ए-आम' छापखाना होता. त्याच साली त्यांनी 'हुकूक-ए-निस्वाँ' हे पुस्तक छापले. इस्लामने स्त्रीला जे हक्क दिले ते रिवाजाने हिरावून घेतले, हे त्यात त्यांनी मुद्देसूद मांडले. असे सांगतात की हस्तलिखित पाहून सर सय्यद अहमद खान इतके नाराज झाले की त्यांनी ते फाडून टोपलीत टाकले आणि मुमताज अलींनी तुकडे गोळा केले. सर सय्यद यांच्या इंतकालानंतरच ते पुस्तक बाहेर आले.

छापखाना घरचा, म्हणजे अर्धी वाट मोकळी झाली. उरलेली अर्धी वाट वाचकांपर्यंतची. तीच अधिक बिकट निघाली. रिसाला सुरुवातीला लोकांना आपणहून टपालाने पाठवला गेला. कित्येक अंक परत आले, काहींच्या वेष्टनावर शिव्या लिहून. पहिल्या महिन्यांत वर्गणीदार शंभरही झाले नाहीत. तरीही दोघांनी हात आखडता घेतला नाही. घरखर्च, मुलांचे संगोपन, शादीब्याहातली उधळपट्टी, मुलींची तालीम, पाककृती, पत्रे, असा सगळा संसार त्या पानांत होता. वाचणाऱ्या बायका हळूहळू लिहिणाऱ्या झाल्या.

मुहम्मदी बेगम यांना आयुष्य थोडे लाभले. तिशीतच, नोव्हेंबर १९०८ मध्ये, त्यांचा इंतकाल झाला. तेवढ्या काळात त्यांनी संपादन केले, कादंबऱ्या लिहिल्या, गृहव्यवस्थेवर पुस्तके लिहिली आणि बीबी अशरफ यांचे चरित्रही लिहून ठेवले. त्यांच्यामागे रिसाला सुमारे चाळीस वर्षे चालला. 'अनारकली' नाटकाचे लेखक इम्तियाज अली ताज हे त्यांचेच चिरंजीव.

या रिसाल्याचा धागा आपल्या किनाऱ्यापर्यंतही येतो. मुंबईच्या फैजी घराण्यातल्या अतिया बेगम १९०६ साली शिक्षिकेचे प्रशिक्षण घेण्यासाठी लंडनला गेल्या. तिथला त्यांचा रोजनामचा 'तहजीब-ए-निस्वाँ'मध्ये छापून येत असे आणि पंजाबातल्या बायका तो वाचत. पुढे तो 'जमाना-ए-तहसील' या नावाने पुस्तकरूपात आला. त्यांच्या भगिनी नाझली बेगम मुरूड-जंजिऱ्याच्या राणीसाहेब. त्यांनीही आपल्या विलायतेच्या सफरीवर उर्दूत पुस्तक लिहिले. जंजिऱ्याचा किल्ला पाहायला आपण मुलाबाळांसह जातो. तिथल्या एका बेगमने प्रवासवर्णन लिहिले होते, हे मुलांना सांगितले तर सहल अधिक सार्थकी लागेल.

नावाचा पर्दा मात्र लवकर उठला नाही. अलीगढकडच्या जाहिदा खातून शेरवानी उत्तम शायरा होत्या, पण त्यांनी आयुष्यभर 'जे. खे. शीन' ही तीन अक्षरेच वापरली. नजर सज्जाद हैदर यांनी लिहायला सुरुवात केली ती 'बिन्ते नजरुल बाकर', म्हणजे नजरुल बाकर यांची मुलगी, म्हणून. याच नजर बेगम यांची लेक कुर्रतुल ऐन हैदर. आईने वडिलांच्या नावाआडून लिहिले. लेकीने स्वतःच्या नावाने लिहिले आणि तिला ज्ञानपीठ मिळाले. एका पिढीत एवढा फरक पडला.

बहिणींनो, आज छापखान्याची अडचण उरली नाही. मोबाइलवर लिहिलेले क्षणात हजारोंपर्यंत पोहोचते. तरी आपल्या घरांतून काय दिसते? दादीच्या औषधांच्या नुस्ख्यांची वही रद्दीत जाते. नानीने लग्नात रचलेली गाणी तिच्याबरोबर जातात. लेख पाठवणारी एखादी बहीण अजूनही म्हणते, माझे नाव नको, घरी आवडणार नाही. ज्या दीनात हजरत आयेशा रजियल्लाहु अन्हा यांच्या रिवायती त्यांच्या नावानिशी सांगितल्या जातात, तिथे बाईचे नाव लपवण्याची सक्ती दीनाची कशी असेल? ती रिवाजाची आहे.

म्हणून आमचे एवढेच सांगणे. घरातल्या बुजुर्ग बायकांकडे बसा, त्यांच्या आठवणी त्यांच्याच शब्दांत उतरवून घ्या. वही जुनी असेल तर तिचे फोटो काढून ठेवा. आणि पहिल्या पानावर त्यांचे नाव लिहा. कुणाची आई, कुणाची बेटी, हे त्याखाली खुशाल लिहावे. आधी मात्र तिचे स्वतःचे नाव.