‘काल का आला नाहीस?’

सकारात्मक विचार करा म्हणजे सुखी व्हाल, हा उपदेश आता इतका सर्वदूर पोहोचला आहे की त्याला कुणी हरकतही घेत नाही. नॉर्मन व्हिन्सेंट पील या अमेरिकी धर्मोपदेशकाचे या विषयावरचे गाजलेले पुस्तक १९५२ साली निघाले. तेव्हापासून एस. टी. स्टँडवरच्या पुस्तकांच्या गाड्यापासून शाळेच्या फळ्यावरील सुविचारापर्यंत आणि आता मोबाइलवर भल्या पहाटे येणाऱ्या फुलांच्या चित्रांपर्यंत हाच सूर ऐकू येतो. सकाळी सुविचार वाचून मन प्रसन्न होते. दहा वाजता कर्जाचा हप्ता, आईचा दुखरा गुडघा आणि मुलाचे गुण आठवतात, आणि मन पुन्हा मूळ पदावर येते. मग माणूस स्वतःलाच बोल लावतो. जगाला जमते ते आपल्यालाच का जमू नये?

खरे तर दोष त्याचा नाही. मन हुकूम ऐकत नाही. हातपाय मात्र ऐकतात. हातपाय कामाला लागले की मनही हळूहळू त्यांच्यामागून येते, पण त्यासाठी कामाला ठरलेली वेळ, ठरलेली जागा आणि वाट पाहणारी चार माणसे लागतात. कोल्हापूरने सुखाचे तत्त्वज्ञान सांगितले नसेल, पण या तीन गोष्टींची सोय मात्र फार पूर्वीपासून करून ठेवली आहे.

मनोराज्य आणि भरवसा

गाब्रिएल ओटिंगेन या मानसशास्त्रज्ञ बाईंनी एका सहकाऱ्याबरोबर केलेला एक अभ्यास १९९१ साली प्रसिद्ध झाला. वजन कमी करण्याच्या कार्यक्रमात दाखल झालेल्या स्त्रियांचे विचार त्यांनी तपासले आणि वर्षभराने त्यांचे वजन पाहिले. ‘मला हे जमेल’ असा भरवसा ज्यांना होता, त्यांचे वजन अधिक उतरले. पण आपण सडपातळ झालो आहोत, लोक कौतुक करीत आहेत, अशी रम्य चित्रे ज्या मनात रंगवीत बसल्या, त्यांचे तुलनेने कमी उतरले. मनोराज्यात फळ आधीच चाखायला मिळाले की झाडाला पाणी घालायचा उत्साह उरत नाही, असा याचा अर्थ.

भरवसा आणि मनोराज्य, दोन्हींना आपण ‘सकारात्मक विचार’ हेच नाव देतो आणि तिथेच फसगत होते. मनोराज्य बसल्या जागी करता येते. भरवसा मात्र काल केलेल्या कामातून येतो. काल दोन फेऱ्या मारल्या, म्हणून आज तिसरी मारता येईल असे वाटते.

वस्तादाची रीत

गंगावेश, मोतीबाग, शाहूपुरी, काळा इमाम ही कोल्हापूरच्या तालमींची नावे कुस्तीच्या शौकिनांना पाठ आहेत. राजर्षी शाहू महाराजांनी मल्लांना आश्रय दिला, खासबागेचे मैदान बांधले आणि कुस्ती या गावाच्या अंगात भिनली. मोतीबाग तालमीत घडलेले गणपतराव आंदळकर १९६० साली हिंदकेसरी झाले. पुढे वस्ताद म्हणून त्यांनी मल्लांच्या पिढ्या घडवल्या.

तालमीत नव्या पोराला ‘आज मूड कसा आहे?’ असे कुणी विचारत नाही. पहाटे उठायचे, हौद्यातली माती खणायची, जोर-बैठका मोजून काढायच्या. सुरुवातीला अंग मोडून येते. काही दिवसांनी तेच अंग पहाटे आपोआप जागे होते. त्यातले सगळेच नामांकित मल्ल होत नाहीत. बहुतेक जण शेती, नोकरी, दुकान यांत रमतात. पण अंगाला लागलेली शिस्त त्यांना पुढे उपयोगी पडते.

ही शिस्त अंगवळणी पडायला किती दिवस लागतात? ‘एकवीस दिवसांत सवय’ ही घोषणा सर्वत्र ऐकू येते. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधील फिलिपा लॅली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ९६ जणांवर केलेल्या अभ्यासाचे उत्तर वेगळे आहे. सवय लागायला सरासरी ६६ दिवस लागतात. कुणाला १८ पुरतात, तर कुणाला २५४ लागतील असा अंदाज निघाला. त्यातली दिलासा देणारी गोष्ट अशी, की मध्येच एखादा दिवस चुकल्याने फारसे बिघडत नाही. चुकलेल्या दिवसाचा बाऊ करून पुढचे दहा दिवस घरी बसणे, हे मात्र बिघडवते.

रंकाळा आणि कट्टा

म्हणून तर रंकाळ्याच्या काठावर रोज सकाळी ऐकू येणारा एक प्रश्न मोलाचा आहे. ‘काय मर्दा, काल दिसला न्हाईस?’ विचारणारा कुणी निवृत्त शिक्षक, किराणा दुकानदार किंवा एस. टी.चा वाहक असतो. प्रश्नात जाब असतो आणि मायाही असते. प्रौढ माणसाने आठवड्याला किमान १५० मिनिटे मध्यम श्रमाचा व्यायाम करावा, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. रोज अर्धा तास भरभर चालले तर पाच दिवसांत हा हिशेब पुरा होतो. पण घड्याळातली मिनिटे मोजून चालणारा पावसाळ्यात घरी बसतो. ज्याची कुणीतरी वाट पाहत असते, तो छत्री घेऊन निघतो.

संध्याकाळचा दूध कट्टाही असाच. गंगावेशीसारख्या ठिकाणी रस्त्याकडेला म्हशी उभ्या, समोरच काढलेल्या धारोष्ण दुधाचा फेसाळता ग्लास आणि भोवती गप्पांचा फड. डॉक्टर सांगतात की दूध तापवूनच प्यावे, कच्च्या दुधातून रोगजंतू पोटात जाऊ शकतात. त्यांचे ऐकावे. कट्ट्याचे खरे सत्त्व ग्लासात नसून गप्पांत आहे, ते घरून चहा पिऊन गेल्यानेही मिळते.

अमेरिकेत हार्वर्ड विद्यापीठाचा एक अभ्यास १९३८ पासून चालू आहे. शेकडो माणसांच्या आयुष्याची नोंद तरुणपणापासून म्हातारपणापर्यंत ठेवली गेली. उतारवयातील आरोग्य आणि समाधान यांचा नात्यांच्या उबेशी घट्ट संबंध असतो, असा त्याचा मुख्य निष्कर्ष. याच १९३८ साली वि. स. खांडेकर कोल्हापुरात राहायला आले. त्यांच्या ‘ययाति’चा नायक मुलाचे तारुण्य उसने घेऊनही अतृप्तच राहतो. उपभोग वाढवून सुख वाढत नाही, हे या कादंबरीत मराठी वाचकाने कधीच वाचले आहे. तिला १९७४ सालचे ज्ञानपीठ मिळाले. स्वतः खांडेकरांची दृष्टी अखेरच्या वर्षांत गेली, तरी लेखनिकाच्या मदतीने त्यांनी रोजचे काम सोडले नाही.

उपदेशाची मर्यादा

मात्र प्रत्येक दुःखावर ‘सकारात्मक राहा’ हा उतारा नव्हे. पंचगंगेची धोक्याची पातळी राजाराम बंधाऱ्यावर ४३ फूट आहे. २०१९ आणि २०२१ साली पाणी तिच्या कितीतरी वर गेले. ज्याचे दुकान चिखलाने भरले, त्याला त्या दिवशी सुविचार नको होता. त्याला खराटा घेऊन येणारी माणसे हवी होती, आणि पेठांतील तालीम मंडळांची पोरे तशी धावलीही. मनाच्या आजाराचेही तसेच आहे. आठवडेच्या आठवडे झोप नाही, कशात रस नाही, जगणे नकोसे वाटते, अशा माणसाला ‘जरा फिरून ये’ म्हणणे पुरेसे नाही. त्याला डॉक्टरांकडे न्यावे. केंद्र सरकारची ‘टेली-मानस’ ही मोफत दूरध्वनी सेवा २०२२ पासून १४४१६ या क्रमांकावर उपलब्ध आहे.

आणखी एक गोष्ट पुरुषांनी ध्यानात घ्यावी. तालीम आणि कट्टा या पिढ्यान् पिढ्या त्यांच्याच जागा राहिल्या. घरातल्या बाईला पहाटेचा अर्धा तास मोकळा हवा असेल, तर कुणीतरी पाण्याचा नळ आणि मुलांचा डबा सांभाळला पाहिजे. तिच्या आरोग्याची काळजी वाटणाऱ्याने आधी गॅस पेटवावा.

एवढ्यातून करायचे ते थोडेच आहे. एक छोटी सवय निवडावी, रोज पाळता येईल इतकी छोटी. तिला वेळ आणि जागा नेमून द्यावी. ती एकट्याने न करता कुणाच्या तरी सोबतीने करावी. रात्री झोपताना मोबाइल दुसऱ्या खोलीत ठेवला तर पहाट सोपी जाते. गावानेही फिरायच्या वाटा, तालमी आणि बसायचे कट्टे जपावेत. माणसांना रोज भेटायला जागाच उरली नाही, तर सुखाचे सुविचार मोबाइलवरून पाठवत बसणे तेवढे हाती राहील.

आणि रोज दिसणारा एखादा चेहरा दोन दिवस दिसला नाही, तर तिसऱ्या दिवशी त्याच्या घरापर्यंत जाऊन यावे. तेवढे चालणे दोघांच्याही तब्येतीला मानवते.