वेगवान लिनक्स निवडताना

‘सगळ्यात वेगवान लिनक्स कोणतं?’ असं मला हल्ली वरचेवर विचारलं जातं. कारण उघड आहे. १४ ऑक्टोबर २०२५ला मायक्रोसॉफ्टनं विंडोज १०चा नियमित आधार थांबवला. अनेक जुनी यंत्रं विंडोज ११च्या अटींत बसत नाहीत. म्हणजे चालता कॉम्प्युटर भंगारात द्यायचा का?

लिनक्सचा गाभा लिनस टोरवाल्ड्स यांनी १९९१ साली फिनलंडमध्ये लिहिला. त्याभोवती बाकीचे प्रोग्राम जोडून जे तयार संच मिळतात, त्यांना डिस्ट्रो म्हणतात. त्यातले काही खास वेगासाठी बांधलेले असतात. जेन्टूमध्ये प्रोग्राम आपल्या प्रोसेसरला बेतून आपणच तयार करतो. त्यात तासन्‌तास जातात. कॅचीओएस नव्या प्रोसेसरांसाठी बेतलेले प्रोग्राम आयतेच देतं. मोठ्या आकडेमोडीत याचा उपयोग होतो. पत्र लिहिताना किंवा बातम्या वाचताना तो फारसा जाणवत नाही.

मग घरचा कॉम्प्युटर अडखळतो कशानं? बहुधा अपुऱ्या रॅमनं आणि फिरत्या हार्ड डिस्कनं. रॅम भरली की यंत्र डिस्कचा आधार घेतं, आणि ती रॅमपेक्षा कितीतरी मंद. म्हणून पहिला खर्च एसएसडीवर करावा. दुसरी गोष्ट, पडद्यावरची मांडणी हलकी असावी. एक्सएफसीई आणि एलएक्सक्यूटी या तशा मांडण्या. पहिली लिनक्स मिंटच्या एका आवृत्तीत मिळते, दुसरी लुबंटूमध्ये. मिंटला किमान २ जीबी रॅम लागते, ४ जीबी असलेली बरी. ब्राउझरमध्ये वीस पानं उघडी ठेवलीत, तर मात्र कोणताही डिस्ट्रो तुम्हाला वाचवणार नाही.

वेगाइतकाच टिकाऊपणाही पाहावा. इंटेलचं क्लिअर लिनक्स वेगासाठी नावाजलेलं होतं. जुलै २०२५मध्ये कंपनीनं ते बंद केलं. सुरक्षेच्या दुरुस्त्या थांबल्या, की वेग काय कामाचा?

निवडलेला डिस्ट्रो आधी पेन ड्राइव्हवरून चालवून पाहा. वाय-फाय, आवाज, प्रिंटर, मराठी टायपिंग, सगळं तपासा. वेगाचा अंदाज मात्र तेव्हा बांधू नका, कारण पेन ड्राइव्ह मुळातच संथ असतो. सगळं जमलं, तर फोटो आणि कागदपत्रांची प्रत दुसरीकडे ठेवा आणि मगच डिस्कला हात लावा. नवा कॉम्प्युटर घ्यायचा की नाही, ते त्यानंतर ठरवा.