दोन गुंठ्यांचा भाजीमळा आणि जमाखर्चाची वही

नंदुरबारचे नाव घेतले की प्रथम मिरची आठवते. हंगामात पथाऱ्यांवर वाळत पडलेली लाल मिरची ही या शहराची ओळखच होय. शहादा तालुक्यात केळी आणि पपई, तापीकाठच्या काळ्या जमिनीत कापूस, आणि शहराभोवतीच्या खेड्यांतून रोज पहाटे मंडईत येणारी भाजी. अशा जिल्ह्यात भाजीचा तुटवडा नाही. मग घरामागच्या रिकाम्या जागेत भाजी पिकवून ती शहरातच विकण्याचा लहान व्यवसाय येथे उभा राहील काय? पेढीवर बसणाऱ्या घरातील एखादा तरुण किंवा सून हा विचार बोलून दाखवते, तेव्हा वडीलधारे हाच प्रश्न विचारतात, आणि तो रास्तही आहे.

भाव पाडून मंडईशी स्पर्धा करणे शहरातील छोट्या उत्पादकाला कधीच जमणार नाही. त्याच्यापाशी विकण्याजोग्या गोष्टी दोनच आहेत: तोडणीपासून चुलीपर्यंतचा थोडा वेळ आणि पिकवणाऱ्यावरचा विश्वास. या दोहोंची किंमत मिळत असेल तरच हा धंदा करावा.

इतरांनी काय केले

महाराष्ट्रात शहरी भाजीपाल्याचे नामांकित प्रयोग मुंबईत झाले. डॉ. आर. टी. दोशी यांनी वांद्र्यातील आपल्या गच्चीवर उसाचा चोथा, सेंद्रिय कचरा आणि थोडी माती यांच्या मिश्रणात पिंपे व पिशव्यांमधून भाज्या-फळे पिकवली. त्यांचीच पद्धत पुढे ठेवून मुंबई पोर्ट ट्रस्टच्या खानपान विभागातील अधिकारी प्रीती पाटील यांनी २००२ च्या सुमारास तेथील मध्यवर्ती स्वयंपाकघराच्या गच्चीवर बाग उभी केली. स्वयंपाकघरातील ओला कचरा गच्चीवरच मुरवून त्याचे खत करणे हा त्या बागेचा मूळ हेतू होता. हे दोन्ही प्रयोग अनुकरणीय आहेत; पण ते घर आणि संस्था यांच्यासाठी होते. नफा-तोट्याच्या कसोटीवर त्यांना कधी उतरावे लागले नाही.

व्यवसाय म्हणून हा विचार कॅनडातील सस्काटून शहरी एका दांपत्याने तडीस नेला. वॉली सात्झेविच आणि गेल व्हँडरस्टीन यांच्याकडे शहराबाहेर सुमारे २० एकर शेती होती. शहरातल्या घरांच्या परसांत भाड्याने घेतलेले लहान तुकडे मोठ्या शेतापेक्षा अधिक लाभ देतात, असे अनुभवास आल्यावर त्यांनी शेत विकले आणि परसांतच मळा थाटला. २ फूट रुंद व २५ फूट लांब हा त्यांनी ठरवलेला वाफा पुढे अनेक देशांतील छोट्या उत्पादकांनी मापदंड म्हणून स्वीकारला. जमीन किती, यापेक्षा एका वाफ्यातून वर्षाला किती वेळा विक्री होते, हे त्यांनी पाहिले. किती पोती साठवली यापेक्षा माल वर्षातून किती वेळा फिरला हे पाहणाऱ्या व्यापाऱ्याला ही रीत परकी वाटणार नाही.

आपल्याकडे ‘प्रयोग परिवारा’चे प्रवर्तक श्रीपाद अच्युत दाभोळकर यांनी १० गुंठ्यांत एका कुटुंबाचा निर्वाह होऊ शकतो, हा विचार फार पूर्वीच मांडला. त्यांनी भर दिला तो प्रत्येक चौरस फुटावर पडणाऱ्या उन्हाचा आणि मुरवलेल्या काडीकचऱ्याचा पुरेपूर उपयोग करण्यावर.

गच्ची की मोकळी जागा?

शहरी शेती म्हटले की गच्ची डोळ्यांपुढे येते. येथे सावध राहावे. वावर असलेल्या सपाट गच्चीसाठी भारतीय मानकांनुसार साधारणतः चौरस मीटरला १५० किलो, म्हणजे चौरस फुटाला सुमारे १४ किलो भार गृहीत धरतात. सहा इंच ओल्या मातीचा भार चौरस फुटाला २५ किलोच्या आसपास जातो. म्हणजे सबंध गच्चीवर मातीचे वाफे करणे स्लॅबला झेपणारे नाही. जुन्या वाड्यांच्या मातीच्या धाब्यांचा तर प्रश्नच नको. चोथा, पालापाचोळा व खत यांचे हलके मिश्रण भरलेल्या कुंड्या कठड्यालगत व तुळयांवर ठेवता येतात. तेही अभियंत्यास विचारून. विक्रीसाठी पिकवायचे असेल तर गोदामामागची जागा किंवा विकायचा राहून गेलेला मोकळा भूखंड अधिक सोयीचा. तेथील माती व पाणी मात्र आधी तपासून घ्यावे. त्यासाठी नंदुरबारच्या कृषी विज्ञान केंद्राचा सल्ला घेता येतो.

आकड्यांची कसोटी

उदाहरणादाखल २ गुंठे, म्हणजे २१७८ चौरस फूट जागा घेऊ. त्यात वर सांगितलेल्या मापाचे २४ वाफे बसतात. उरलेली जागा पायवाटा, खताचा खड्डा व पाण्याची टाकी यांना लागते. मेथी साधारण महिनाभरात निघते, कोथिंबीर पाच ते सहा आठवडे घेते, पालक महिन्याभराने कापणीस येतो आणि पुन्हा फुटतो. पेरणी ते पुढची पेरणी असे सहा आठवडे धरले तर दर आठवड्याला ४ वाफे कापणीस येतील.

एका वाफ्यातून ५ किलो पालेभाजी धरली, तर आठवड्याला २० किलो, म्हणजे पाव किलोच्या ८० जुड्या. पाचवा हिस्सा उन्हात, किडीत वा न खपता गेला असे मानले तर ६४ जुड्या उरतात. ३२ घरांना प्रत्येकी दोन. जुडीस २० रुपये मिळाले तर आठवड्याला १,२८० आणि महिन्याला सुमारे साडेपाच हजार रुपयांची विक्री होते. त्यातून बियाणे, खत, पाणी, सावलीची जाळी व पोहोचवण्याचा खर्च वजा करायचा आहे.

या रकमेवर घर चालत नाही. हे सुरुवातीलाच स्वच्छ मांडले पाहिजे, कारण या धंद्यातील बहुतेक निराशा फुगवलेल्या आकड्यांतून जन्मते.

मात्र व्यापारी घराकडे शेतकऱ्याकडे सहसा नसलेली एक गोष्ट असते: दारोदारचा परिचय. त्या ३२ घरांना पालेभाजीबरोबर गिलकी, दोडकी, भेंडी, गवार, दुधी हेही लागतेच. ही फळभाजी ओळखीच्या दोन-तीन शेतकऱ्यांकडून रोख घेऊन आठवड्याला १५० रुपयांची टोपली प्रत्येक घरी दिली आणि तीत ३० रुपये सुटले, तरी महिन्याला आणखी सुमारे चार हजार रुपये मिळतात. २०१६ पासून महाराष्ट्रात फळे-भाजीपाला बाजार समितीच्या आवाराबाहेर विकण्याची मोकळीक शेतकऱ्यांना मिळाली आहे, त्यामुळे अशी थेट खरेदी सुलभ झाली. घरचा वाफा ग्राहक जोडतो आणि टोपली धंदा उभा करते. घरची भाजी कोणती व आणलेली कोणती, हे मात्र ग्राहकाला स्पष्ट सांगितले पाहिजे.

पंचांग पाहून पेरणी

ज्या घरांना माल द्यायचा त्यांचे नियम जाणणे हेही व्यापाराचेच अंग होय. अनेक जैन घरांत चातुर्मासात पालेभाज्या वर्ज्य असतात. काही घरांत हा नियम फाल्गुन चौमासीपासून कार्तिक चौमासीपर्यंत पाळला जातो. वरवर पाहता हा तोटा वाटतो. परंतु नंदुरबारचे हवामान पाहिले तर वेगळे चित्र दिसते. उन्हाळ्यात पारा ४० अंशांपलीकडे जातो तेव्हा कोथिंबीर व पालक जाळीच्या सावलीशिवाय तग धरत नाहीत, आणि पावसाळ्यात कोवळी रोपे कुजतात. कार्तिकानंतर थंडी पडते, पालेभाजी जोमाने येते आणि नेमक्या त्याच वेळी तिची मागणी परतते. म्हणून उन्हाळ्यात जाळीखाली मोजकेच वाफे ठेवावेत, पावसाळ्यात मांडवावर गिलकी, दोडकी व कारली चढवावीत आणि हिवाळ्यात सर्व २४ वाफे पालेभाजीला द्यावेत. तेव्हा वर मांडलेली आकडेमोड वर्षभराची नसून हिवाळ्याची आहे, हेही ध्यानात घ्यावे.

अष्टमी-चतुर्दशीला हिरवी भाजी न करणारी घरे असतात. तेथे टोपली तिथीच्या आदल्या दिवशी न देता दुसऱ्या दिवशी सकाळी द्यावी. मुळा, गाजर यांसारखी झटपट येणारी कंदपिके परदेशी छोट्या मळ्यांचा आधार असतात. येथे त्यांचा उपयोग नाही. शहरी व्यवसाय म्हणून हल्ली सुचवले जाणारे कोवळे अंकुरही अनेक घरांत अनंतकाय म्हणून टाळले जातात.

किडीचा प्रश्न अधिक नाजूक आहे. मातीत काम करायचे म्हणजे जीवहिंसेचा विचार आलाच. कीड आल्यावर मारण्याऐवजी ती येऊच नये, यावर भर देता येतो: वाफ्यावर बारीक जाळी, एकाच जागी तेच पीक लागोपाठ न घेणे, वारंवार खणण्याऐवजी पालापाचोळ्याचे आच्छादन, आणि नको तेवढे पाणी न देणे. यातूनही हिंसा शून्य होत नाही. कोणत्या मर्यादेपर्यंत जायचे, हे त्या त्या कुटुंबाने आपल्या गुरुजनांना विचारून ठरवावे. धंदा सुरू झाल्यावर नव्हे, आधी.

विश्वास टिकवणारी शिस्त

मुंबईत रेल्वेरुळांलगत पिकणाऱ्या पालेभाज्यांवर सांडपाण्याच्या वापरामुळे वारंवार टीका झाली. शहरात पिकलेल्या भाजीकडे ग्राहक याच शंकेने पाहतो. म्हणून पाणी कोठले, खत कोणते, फवारणी कशाची व कधी, याची नोंद वहीत असावी आणि मागेल त्याला ती दाखवावी. ‘सेंद्रिय’ हा शब्द पिशवीवर छापण्यापेक्षा ही वही अधिक उपयोगी पडते. इलेक्ट्रॉनिक काट्याची वार्षिक पडताळणी पेढीवर होते तशी भाजीच्या काट्याचीही करावी. उधारी ठेवू नये. टोपलीचे पैसे महिन्याच्या आरंभी घ्यावेत. भाजी दुसऱ्या दिवशी विकता येत नाही, आणि नाशवंत मालाची उधारी वसूल करणे फार कठीण असते.

प्रारंभ दिवाळीनंतर करावा. पहिल्या हंगामात ६ वाफे आणि ८ घरे पुरेत. मेहनतीचे तास, वाया गेलेल्या जुड्या आणि पुन्हा मागणी न करणारे ग्राहक, या तीन गोष्टी रोज लिहाव्यात. घरच्या माणसांची मजुरी खर्चात धरावी, कारण ती न धरल्यानेच तोट्यातला धंदा नफ्यात भासतो. होळीपर्यंत आठांपैकी सहा घरे टिकली आणि वही तोटा दाखवत नसेल, तर पुढील हिवाळ्यात वाफे वाढवावेत. तसे न झाल्यास गमावलेली रक्कम थोडी असेल आणि घराला ताजी भाजी मिळालेली असेल.